कॅलिपारींनी केंटकी का सोडलं? कॉलेज बास्केटबॉलचा कोच आणि त्याची माणसं

एप्रिल २०२४ मधली गोष्ट. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे कोच जॉन कॅलिपारी यांनी पंधरा वर्षांनी संघ सोडला आणि अर्कान्सास विद्यापीठाची वाट धरली. त्यांना कुणी काढलेलं नव्हतं. कराराची बरीच वर्षं शिल्लक होती. नव्या जागी मूळ पगार थोडा कमीच ठरला होता. बरं, अर्कान्सास म्हणजे कुठला लांबचा, अनोळखी संघही नव्हे. केंटकीच्याच गटात खेळणारा, दरवर्षी गाठ पडणारा प्रतिस्पर्धी. तरी ते गेले. आणि ज्या लोकांनी त्यांना एकेकाळी डोक्यावर घेतलं होतं, त्यांतल्या कितीतरी जणांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

नुसते आकडे पाहिले तर हे कोडंच वाटतं. पंधरा वर्षांत ४१० विजय, १२३ पराभव, चार वेळा देशातल्या शेवटच्या चार संघांत आणि एकदा राष्ट्रीय विजेतेपद. एवढं करणाऱ्या माणसावर लोक नाराज कसे होतात?

ज्यांची मुलंबाळं किंवा भाऊबहिणी अमेरिकेत आहेत त्यांच्या कानावर मार्च महिन्यात 'ब्रॅकेट' हा शब्द पडतोच. कोण कोणाला हरवणार याचे अंदाज तक्त्यात भरायचे आणि ऑफिसात एकमेकांशी पैजा लावायच्या. आपली मराठी मंडळीही ते हौसेने भरतात. पण एका कोचच्या जाण्याने आख्खं राज्य ढवळून निघतं ते का, हे तिथे राहून लांबून पाहणाऱ्यालाही चटकन उमगत नाही. म्हणून जरा मुळापासून सुरुवात करू.

कॉलेजचा संघ, पण कॉलेजपुरता नाही

आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामना म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते साधं मैदान, दोन्ही संघांची मित्रमंडळी आणि एखादे क्रीडाशिक्षक. केंटकी विद्यापीठाचा संघ लेक्सिंग्टन शहरात रप अरेना नावाच्या बंदिस्त स्टेडियममध्ये खेळतो. तिथे वीस हजारांवर माणसं बसतात आणि वर्षानुवर्षं ती बसत आली आहेत. त्यांतल्या बहुतेकांचा त्या विद्यापीठाच्या वर्गाशी आता काही संबंध नसतो, पुष्कळांचा तर कधी नव्हताच.

याचं एक कारण भूगोलात आहे. केंटकी राज्याची लोकसंख्या साधारण ४५ लाख, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी. तिथे बास्केटबॉल, अमेरिकन फुटबॉल किंवा बेसबॉलच्या मोठ्या व्यावसायिक लीगचा एकही संघ नाही. न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिसच्या माणसाकडे आपले म्हणायला चार-पाच संघ असतात. पूर्व केंटकीच्या डोंगरात कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या माणसाकडे एकच होता, निळ्या जर्सीचा. कावूड लेडफर्ड हे समालोचक १९५३ पासून १९९२ पर्यंत या संघाचे सामने रेडिओवर सांगत होते. टीव्ही आला तेव्हाही लोक टीव्हीचा आवाज बंद करून लेडफर्डांचा रेडिओ लावायचे. चाळीस वर्षं एकच आवाज घरात येत असेल तर तो घरच्या माणसाचाच होतो.

ही माया कशी असते हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार यांचा फुटबॉल सामना असला की शाहू स्टेडियममध्ये पेठच्या पेठ उतरते. तिथे कोणी 'संघ आवडतो' असं म्हणत नाही, 'आपली तालीम' म्हणतात. केंटकीतली भावना हीच आहे, फक्त पेठेच्या जागी राज्य घाला.

कोचची खुर्ची

या खेळात कोचचं वजन आपल्या क्रिकेटमधल्या कोचपेक्षा कितीतरी जास्त असतं. क्रिकेटमध्ये निवड समिती खेळाडू निवडते, आयपीएलमध्ये लिलाव होतो. कॉलेज बास्केटबॉलमध्ये कोचला स्वतः देशभर हिंडावं लागतं, सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या घरी जाऊन त्याच्या आईच्या समोर बसावं लागतं आणि तुमचा मुलगा माझ्याकडे का द्यावा हे पटवून द्यावं लागतं. संघ उभा करणारा तोच, शिकवणारा तोच, आणि हरल्यावर उत्तर देणाराही तोच. मुलं येतात आणि जातात. खुर्चीवर चेहरा कोचचाच राहतो. वस्ताद हा शब्द इथे अगदी चपखल बसतो.

केंटकीत ही खुर्ची अॅडॉल्फ रप यांनी घडवली. बास्केटबॉलचा खेळ १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी शोधला. पुढे नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठात होते, तिथे त्यांच्या हाताखाली फॉग अॅलन तयार झाले आणि अॅलनांच्या हाताखाली खेळाडू म्हणून रप. ही सरळ गुरुपरंपरा आहे. रप १९३० मध्ये केंटकीत आले आणि १९७२ पर्यंत, तब्बल ४२ वर्षं, तिथेच राहिले. ८७६ विजय आणि चार राष्ट्रीय विजेतेपदं. त्यांच्यानंतर आणखी चार आली, ती चार वेगवेगळ्या कोचच्या हातून. १९४८, १९४९, १९५१, १९५८, १९७८, १९९६, १९९८ आणि २०१२ अशी एकूण आठ. प्रत्येकाचं एक निशाण रप अरेनाच्या छताला टांगलेलं आहे. नव्या कोचला पहिल्या दिवशी कोणी काही सांगत नाही, त्याने फक्त मान वर करून पाहायचं.

या खुर्चीवर नुसतं जिंकून भागत नाही, हेही लक्षात घ्या. बिली गिलिस्पी २००७ मध्ये आले आणि दोनच वर्षांत त्यांना घरी पाठवलं. निकाल वाईट होतेच, पण विद्यापीठाने कारण देताना वेगळ्या गोष्टीवर बोट ठेवलं : या पदाच्या जबाबदाऱ्या आम्हाला दिसतात तशा त्यांना दिसत नाहीत. म्हणजे लोकांत मिसळणं, गावोगाव जाणं, राज्याचा प्रतिनिधी म्हणून वागणं हेही नोकरीचाच भाग. कोच आणि चाहते यांचं जमलं की नाही असं जे म्हणतात ते यालाच.

मार्चचे तीन आठवडे

एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची नियामक संस्था. तिची राष्ट्रीय स्पर्धा दर मार्चमध्ये होते. ६८ संघ, एक पराभव झाला की घरी. प्रत्येक विभागात संघांना १ ते १६ असे क्रमांक दिलेले असतात, बलाढ्य संघाला लहान आकडा. केंटकीसारख्या संघाचा सगळा हंगाम शेवटी या तीन आठवड्यांवर तोलला जातो. नोव्हेंबरपासून तीस सामने जिंकलात आणि मार्चच्या पहिल्याच दिवशी पडलात, तर लोकांच्या लेखी तुम्ही पडलात. वर्षभर पहिला येणारा मुलगा बोर्डाच्या परीक्षेत गडगडला तर घरात जे वातावरण असतं, ते इथे राज्यभर असतं.

एका वर्षाचे पाहुणे

आता मुख्य मुद्दा. एनबीए म्हणजे अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग. पूर्वी तिथे शाळेतून थेट जाता येत असे. २००५ च्या करारात नियम बदलला. खेळाडू किमान १९ वर्षांचा हवा आणि शाळा सुटून एक वर्ष झालेलं हवं. मग देशातली सर्वांत गुणी मुलं ते मधलं एक वर्ष काढायला कॉलेजात येऊ लागली. एक हंगाम खेळायचं आणि एनबीएत जायचं. याला तिकडे 'वन अँड डन' म्हणतात. आपण एका वर्षाचे पाहुणे म्हणू.

हा नियम कॅलिपारींनी जितक्या लवकर ओळखला तितक्या लवकर कोणीच ओळखला नाही. २००९ मध्ये मेम्फिसहून ते केंटकीत आले आणि पहिल्याच वर्षी जॉन वॉल, डीमार्कस कझिन्स यांच्यासारखी मुलं घेऊन आले. पुढच्या जूनमध्ये एनबीएच्या खेळाडू-निवडीत पहिल्या फेरीतच केंटकीचे पाच जण निवडले गेले. एकाच कॉलेजचे पाच, हे आधी कधीच घडलं नव्हतं.

त्या रात्री कॅलिपारी टीव्हीवर म्हणाले की केंटकी संघाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा दिवस आहे.

माझ्या मते पुढच्या चौदा वर्षांची सगळी ठिणगी या एका वाक्यात आहे. सात विजेतेपदं छताला टांगलेली असताना, त्याच वर्षी संघ शेवटच्या चारांतही पोहोचलेला नसताना, कोच सांगतो की पाच मुलं नोकरीला लागली हा आपला सर्वांत मोठा दिवस. कॅलिपारींचं मन त्यात खोटं नव्हतं. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. त्यांचा हिशेब मुलांचा होता : एक पोरगं माझ्याकडे येतं, वर्षभरात त्याच्या घराण्याचं दारिद्र्य फिटतं, यापेक्षा मोठं काय? लोकांचा हिशेब संघाचा होता : मुलं आमच्यासाठी खेळायला येतात, निशाण लावायला येतात. एकच सामना, पण दोघांची नजर दोन वेगळ्या गुणफलकांवर.

जिंकत होते तोवर हा फरक झाकला गेला. २०१२ मध्ये अँथनी डेव्हिस नावाच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला घेऊन संघाने ४० पैकी ३८ सामने जिंकले, अंतिम सामन्यात कॅन्ससला ६७-५९ ने हरवलं आणि आठवं निशाण आलं. २०१५ मध्ये तर लागोपाठ ३८ सामने जिंकून संघ उपांत्य फेरीत आला आणि विस्कॉन्सिनकडून ६४-७१ असा हरला. ४० पैकी ४० चं स्वप्न दोन सामन्यांवर असताना मोडलं. माझ्या माहितीतल्या केंटकीच्या चाहत्यांना त्या रात्रीविषयी आजही बोलवत नाही.

मग ज्यांनी काहीच जिंकलं नाही, त्यांच्या जर्सी छताला कशा?

लोकांना फक्त विजेतेपद हवं असतं असं वाटत असेल तर ही गोष्ट ऐकाच.

१९८९ मध्ये केंटकीचा संघ पार कोलमडला होता. नियमभंगाच्या प्रकरणात शिक्षा झाली, कोच गेले, चांगले खेळाडू दुसरीकडे निघून गेले. जाणाऱ्यांना कोणी अडवलं नाही. चार जण मात्र थांबले : रिची फार्मर, जॉन पेल्फ्री, डेरॉन फेल्डहाउस आणि शॉन वूड्स. पहिले तिघे केंटकीच्याच मातीतले. नवे कोच रिक पिटिनो यांच्या पहिल्या वर्षी संघाने १४ सामने जिंकले आणि १४ हरले, आणि लोक त्या संघावर जीव ओवाळून टाकत होते. १९९२ च्या मार्चमध्ये हे चौघे शेवटच्या वर्षाला असताना फिलाडेल्फियात ड्यूकविरुद्ध सामना झाला. जादा वेळेत २.१ सेकंद उरलेले, केंटकी एका गुणाने पुढे. ड्यूकच्या ख्रिश्चन लेटनरने लांबून आलेला चेंडू झेलला, एकदा आपटला, वळला आणि टाकला. १०४-१०३. सगळं संपलं.

त्यानंतर काही दिवसांतच विद्यापीठाने त्या चौघांच्या जर्सी रप अरेनात टांगल्या. विजेतेपद नाही, अंतिम चार नाही. तरी टांगल्या, कारण घर पडत होतं तेव्हा ते घरात थांबले होते. केंटकीचे लोक त्यांना 'न विसरता येणारे' म्हणतात.

आता याच्या शेजारी एका वर्षाचा पाहुणा उभा करून बघा. तो कितीही थोर असो. शे गिल्जस-अलेक्झांडर हा २०२५ मध्ये एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच वर्षी त्याच्या संघाने विजेतेपदही जिंकलं. तो केंटकीत २०१७-१८ चा एक हंगाम खेळला. लोकांना त्याचा अभिमान आहे, पण तो पाहुणा गुणी निघाल्याचा अभिमान आहे. लेकराचं नाव पाठ व्हायच्या आत लेकरू घर सोडून जाणार, पुढच्या वर्षी नवी पाच नावं पाठ करायची, आणि असं पंधरा वर्षं. कोणाचाही जीव गुंतायला वेळ लागतो. तो वेळच मिळत नव्हता.

पण मुलांनी पैसे कमावले तर बिघडलं काय?

काहीच बिघडलं नाही, आणि हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. २०२१ पर्यंत कॉलेजच्या खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे पैसा घ्यायला बंदी होती. त्याच्या खेळावर विद्यापीठ, टीव्ही कंपन्या आणि कोच कोट्यवधी कमावत आणि तो मात्र जेवणाच्या कूपनवर. अशा व्यवस्थेत एखादा कोच उघडपणे म्हणतो की माझं पहिलं कर्तव्य या मुलांशी आहे, तर त्याला दोष कसा द्यायचा? कॅलिपारींच्या पंधरा वर्षांत केंटकीचे चाळीसहून अधिक खेळाडू एनबीएने निवडले. त्या चाळीस घरांना विचारा. तिथे कॅलिपारींचं नाव देवाच्या जागी असेल.

म्हणून मी या वादात कोणा एका बाजूला खलनायक मानत नाही. एखाद्या गावातल्या मास्तरांनी हुशार पोरं हेरून शहरात पाठवावीत आणि गावाने म्हणावं की आमच्या शाळेला अजून ढाल नाही मिळाली. दोघांचंही म्हणणं खरं असतं. फक्त दोघांनी ते एकमेकांना वेळीच सांगायला हवं असतं.

कोळशाची काजळी लागलेला बाप

कॅलिपारींना लोकांची कदर नव्हती असं कोणी म्हणेल, तर तेही चूक आहे. २०२२ च्या जुलैत पूर्व केंटकीत भयंकर पूर आला. संघाने सराव लोकांसाठी खुला करून मदतनिधी उभा केला आणि ऑक्टोबरमध्ये स्वतःच्या दोन तुकड्यांतला सराव-सामना लेक्सिंग्टनऐवजी डोंगरातल्या पाइकव्हिल गावी नेला. त्या सामन्याचा एक फोटो देशभर फिरला. खाणीतली पाळी संपवून थेट आलेला एक बाप खुर्चीत बसला आहे. अंघोळीला, कपडे बदलायला वेळ मिळालेला नाही. चेहरा, हात, कपडे सगळे कोळशाने काळे, त्यात डोळे तेवढे पांढरे. शेजारी त्याचा लहानगा मुलगा. बापाला पोराचा पहिला सामना चुकवायचा नव्हता, म्हणून तो तसाच आला.

कॅलिपारींनी तो फोटो स्वतः लोकांपुढे ठेवला आणि लिहिलं की माझ्या घराण्याची अमेरिकेतली सुरुवातही वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गच्या कोळशाच्या खाणीतच झाली. मग त्या कुटुंबाला रप अरेनात सामना पाहायला बोलावलं. तो काळवंडलेला बाप कोण हे त्यांना बरोबर कळलं होतं. खाणकामगारांच्या वंशातला माणूस, खाणकामगारांचं राज्य. यापेक्षा चांगली जोडी कुठली?

तरीही दीड वर्षात ती मोडली.

गाडी रुळावरून घसरली कुठे?

२०१९ मध्ये विद्यापीठाने कॅलिपारींना दहा वर्षांचा, ८ कोटी ६० लाख डॉलर्सचा करार दिला. त्याला सगळे आजन्म करारच म्हणत. त्यानंतर सगळं उलटं फिरलं. २०२० ची स्पर्धा कोरोनामुळे रद्द झाली. २०२०-२१ च्या हंगामात संघाने ९ सामने जिंकले आणि १६ गमावले. २०२२ मध्ये १५ व्या क्रमांकाच्या सेंट पीटर्स या छोट्या कॉलेजने पहिल्याच फेरीत हरवलं. २०२३ मध्ये दुसऱ्या फेरीत आटोपलं.

मधल्या काळात नियमच बदलले होते. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातीतून पैसे घ्यायची मुभा मिळाली. त्याच सुमारास एका कॉलेजातून दुसरीकडे गेल्यावर एक वर्ष बाकावर बसायची सक्तीही निघाली. परिणाम असा झाला की बावीस-तेवीस-चोवीस वर्षांचे, अंगाने भरलेले, शंभरेक सामने खेळलेले खेळाडू बाजारात सहज मिळू लागले. पैसा आता कॉलेजातच मिळत असल्याने त्यांना एनबीएची घाईही उरली नाही. एकोणीस वर्षांच्या गुणी पोरांवर बांधलेली कॅलिपारींची रीत या जाणत्या गड्यांपुढे तोकडी पडायला लागली. ज्या माणसाने एका नियमबदलाचं सोनं केलं, त्यालाच पुढचा नियमबदल उमगायला उशीर झाला.

२१ मार्च २०२४ च्या रात्री हे सगळं एका सामन्यात दिसलं. पिट्सबर्ग, म्हणजे कॅलिपारींचं बालपण गेलं त्याच परिसरातलं शहर. केंटकी तिसऱ्या क्रमांकावर, समोर ओकलंड हे १४ व्या क्रमांकाचं कॉलेज. केंटकीच्या बाजूला रीड शेपर्ड आणि रॉब डिलिंगहॅम, दोघेही पहिल्या वर्षाचे. तीनच महिन्यांनी एनबीएत त्यांची तिसऱ्या आणि आठव्या क्रमांकावर निवड झाली. ओकलंडकडे होता जॅक गोल्की. आधीची वर्षं हिल्सडेल या दुय्यम श्रेणीतल्या कॉलेजात काढून आलेला, एनबीएच्या कोणत्याही यादीत नसलेला. त्याने त्या रात्री वीस वेळा चेंडू टाकला आणि वीसही वेळा तीन गुणांच्या रेषेबाहेरून. दहा आत गेले, फ्री थ्रोचे दोन धरून ३२ गुण. केंटकी ७६, ओकलंड ८०.

रीड शेपर्डची गोष्ट जाता जाता सांगायला हवी. त्याचे वडील जेफ शेपर्ड १९९८ च्या विजेत्या संघातले, अंतिम फेरीतले सर्वोत्तम खेळाडू. आईही केंटकीच्याच महिला संघातली. हा मुलगासुद्धा एका वर्षात एनबीएत गेला आणि लोकांनी त्याच्याविषयी एक वाकडा शब्द काढला नाही. म्हणजे राग लवकर जाण्याचा नव्हता. आधी आपलं होऊन मग गेलेल्याला लोक डोळे पुसून निरोप देतात.

एवढं होतं तर काढलं का नाही?

पैशामुळे. करार मध्येच मोडला तर द्यायची रक्कम आधीच लिहिलेली असते, तिला बायआउट म्हणतात. भाड्याच्या घराच्या करारात 'लॉक-इन' असतो ना, मुदतीआधी मोडलात तर उरलेले पैसे भरा, तसंच. कॅलिपारींना काढायचं तर विद्यापीठाला सुमारे ३ कोटी ३० लाख डॉलर्स मोजावे लागले असते. तेव्हाच्या भावाने पावणेतीनशे कोटी रुपये. त्यामुळे ओकलंडच्या पराभवानंतर आठवड्याभरातच क्रीडा संचालक मिच बार्नहार्ट यांनी कॅलिपारीच कोच राहतील असं जाहीर केलं. लोकांनी कपाळावर हात मारला.

कॅलिपारींच्या बाजूने पाहिलं तर त्यांचीही घुसमट होत होती. २०२२ च्या ऑगस्टमध्ये नवं सराव केंद्र हवं असं सांगताना ते म्हणाले की केंटकी हे बास्केटबॉलचं विद्यापीठ आहे. त्यावर तिथल्याच फुटबॉल कोचनी जाहीरपणे नाराजी दाखवली आणि घरातलं भांडण ओट्यावर आलं. रेडिओवर, मुलाखतींत रोज एकच प्रश्न. अशा घरात आणखी पाच वर्षं काढायची, तेही प्रत्येक पराभवानंतर तोच शिमगा ऐकत? एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्कान्सासची जागा रिकामी होती. तिथून विचारणा झाली आणि त्यांनी होकार दिला. ९ एप्रिलला एका चित्रफितीतून निरोप घेताना त्यांनी सांगितलं की या संघाला आता दुसरा आवाज ऐकायची गरज आहे. मला हे त्यांचं सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटतं. त्यांच्या जाण्याने बायआउटही वाचला आणि दोन्ही बाजूंची अब्रूही.

चाहत्यांचं प्रेम नेहमी चांगलंच असतं का?

नाही. आणि केंटकीवर प्रेम करणाऱ्यांनीच हे मान्य करायला हवं. रप यांच्या संघात कितीतरी वर्षं एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९६६ च्या अंतिम सामन्यात टेक्सस वेस्टर्नच्या पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनी रप यांच्या गोऱ्या संघाला ७२-६५ ने हरवलं, तरी पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूला, टॉम पेनला, घ्यायला १९६९ उजाडलं. टबी स्मिथ हे केंटकीचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य कोच. १९९८ मध्ये पहिल्याच वर्षी त्यांनी विजेतेपद जिंकून दिलं. पण नंतर हंगामात दहा सामने हरले की 'दहा पराभवांचा टबी' म्हणून हिणवणं सुरू झालं. सज्जन, मृदू माणूस. दहा वर्षं सोसून २००७ मध्ये ते मिनेसोटाला निघून गेले. त्या हिणवण्यात किती खेळ होता आणि किती रंग, हा प्रश्न तिथल्या विचारी लोकांना अजून टोचतो. जिथे माया एवढी खोल असते तिथे माणसं हक्क आणि मालकी यांतली रेष सहज ओलांडतात.

नवा कोच, जुना कर्णधार

कॅलिपारी गेल्यावर मोठमोठी नावं घेतली गेली. त्यांतल्या बेलर विद्यापीठाच्या कोच स्कॉट ड्रू यांनी तर आपण आहोत तिथेच राहणार असं जाहीर केलं. मग १२ एप्रिलला मार्क पोप यांचं नाव आलं. लोक भडकले. बीवाययू विद्यापीठाचे हे कोच, मुख्य कोच म्हणून राष्ट्रीय स्पर्धेत तोवर एकही सामना जिंकलेला नाही. दोनच दिवसांनी त्यांचं स्वागत रप अरेनात ठेवलं. आत यायला तिकीट नव्हतं, आणि अरेना गच्च भरली. एक बस थेट मैदानावर आली. तिच्यातून जुने खेळाडू उतरले आणि त्यांच्यामागून १९९६ चा करंडक हातात घेऊन पोप. ते त्या विजेत्या संघाचे कर्णधार होते. त्यांच्या बोलण्याचा रोख असा होता की ही जर्सी अंगावर चढवणं हा आयुष्यातला मोठा मान आहे, ती घालून कोणी केंटकीवर उपकार करत नाही. चौदा वर्षांपूर्वीच्या त्या जूनच्या रात्रीला हे थेट उत्तर होतं. अठ्ठेचाळीस तासांपूर्वी चिडलेले लोक उभे राहून रडत होते.

तिकडे अर्कान्सासमध्ये कॅलिपारींनी पहिल्याच पत्रकार परिषदेत सांगितलं होतं की आपण संघाला भेटलो, पण संघच नाही. जवळजवळ सगळे खेळाडू निघून गेले होते. मग केंटकीतून डी. जे. वॅगनर, आडू थिएरो आणि झ्वोनिमिर इव्हिसिच ही तीन मुलं त्यांच्यामागोमाग आली.

आता त्यांना माफी मिळेल का?

१ फेब्रुवारी २०२५ ला अर्कान्सासचा संघ रप अरेनात आला. पंधरा वर्षं ज्या दारातून यजमान म्हणून यायचे त्या दारातून कॅलिपारी पाहुणे म्हणून आले. वीस हजार लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. तुरळक टाळ्याही होत्या, पण त्या बुडून गेल्या. अर्कान्सासने सामना ८९-७९ असा जिंकला.

जखम ताजी आहे. पण या गावाची स्मरणशक्ती जशी लांब, तशी क्षमाही लांबून का होईना येते. रिक पिटिनो यांनी १९९६ चं विजेतेपद दिलं, १९९७ मध्ये बोस्टनच्या व्यावसायिक संघाकडे गेले आणि २००१ मध्ये केंटकी राज्यातल्याच लुइव्हिल विद्यापीठाचे कोच होऊन परतले. घर सोडून समोरच्या दाराच्या वैऱ्याकडे. लोकांनी त्यांना गद्दार म्हटलं आणि रप अरेनात ते जेव्हा जेव्हा आले तेव्हा तेव्हा ऐकवलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये हंगामाच्या उद्घाटनाच्या रात्री पोप यांनी आपल्या या जुन्या कोचला बोलावलं. ७२ वर्षांचे पिटिनो त्याच मैदानावर चालत आले. लोक उभे राहिले, आणि या वेळी टाळ्या थांबता थांबत नव्हत्या.